दुसऱ्याच्या नावावर नवस

देवकाबाईंनी देवाकडे स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागायचं ते गल्लीतल्या लेकरांसाठी. त्या बदल्यात देवाला जे द्यायचं, तेही गल्लीतल्याच कुणाचं तरी. नवस बोलणार देवकाबाई आणि फेडणार शेजारी, अशी सरळ वाटणी होती. पलीकडच्या किराणा दुकानदाराच्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा यांनी परस्पर गावच्या मातामाय देवीला सांगून टाकलं की पोरगा उठून बसला की त्याचा बाप खर्रा सोडेल. पोरगा उठून बसला, शाळेत जायला लागला, आणि बाप बिचारा सुपारी-तंबाखूच्या आठवणीने दुकानात हात चोळत बसला. मागच्या गल्लीतल्या एका आजारी नातवासाठी त्याच्या आजीने दर गुरुवारी सुनेला एक शब्दही बोलायचं नव्हतं. आजीने ते पाळलं. त्या घरातला गुरुवार कसा असतो ते बघायला मी एकदा विरजणाच्या निमित्ताने मुद्दाम जाऊन आले.

"अशानं लोक चिडत नाहीत का हो तुमच्यावर?" मी एकदा विचारलं.

"चिडतात ना वो. पण चिडतात माह्यावर अन् भेतात मातेले. आपलं काम होते."

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढा बोळ, आणि पुढे दोन्ही घरांचा मिळून एकच लांब ओटा. ओट्याचा आमच्याकडचा अर्धा भाग दोन्ही घरांचा आणि उरलेला सगळा देवकाबाईंचा, असं त्यांचं गणित होतं. वय साठीच्या पुढचं, बुटका बांधा, लुगडं घोट्यापासून चांगलं चार बोटं वर. पाय कायम अनवाणी. चप्पल होती एक, पण ती लग्नाला घालायची म्हणून खुंटीला टांगलेली. कमरेला कापडी पिशवी, तिच्यात बडीशेप, लवंग आणि गुळाचा खडा. लेकरू रडलं की खडा लेकराच्या तोंडात जायचा आणि लेकरू हसलं की त्या आनंदात देवकाबाईंच्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा नागपूरला नोकरीत. तो "आई, चाल ना" म्हणायचा आणि या "हा रोवणा होऊ दे" म्हणायच्या. भाताच्या लावणीचे असे किती रोवणे झाले ते त्यानेच मोजणं सोडून दिलं होतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मी शिकवायचे ती शाळा लाखनीच्या पुढे एका खेड्यात होती. सकाळी हायवेवर उभं राहायचं, मिळेल ती एसटी पकडायची. नवरा तुमसरच्या एका भातगिरणीत मशिनीवर. घरात तिसरे मामाजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामाजी बोलायला कमी आणि बिडी ओढायला जास्त. तलावाच्या पाळीवर मातामायचं छोटं देऊळ आहे, त्याच्या लोखंडी जाळीची किल्ली पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात. ती मामाजींच्या करदोट्याला बांधलेली असायची. दुसरी किल्ली फार पूर्वी कुणाच्या तरी हातून तलावात पडली, ती पडलीच. मामाजी सकाळी जाळी उघडत, संध्याकाळी बंद करत, आणि दोन्ही वेळा बाहेर बसून एकेक बिडी ओढत. गावच्या नात्याने देवकाबाई त्यांची वहिनी लागत. वहिनीने दिराची टिंगल करायची हा हक्कच असतो, आणि देवकाबाई कुठलाही हक्क वाया घालवणाऱ्यातल्या नव्हत्या.

आमची चिऊ आठ महिन्यांची होती तेव्हा पावसाळ्यात एकदा फार किरकिर करायला लागली. देवकाबाई आल्या, लेकराचं झबलं वर केलं, बोटही न लावता पोटाकडे पाहत बसल्या. मला वाटलं आता नजर काढतील. काढलीही, पण आधी म्हणाल्या, "बरगडीखाली खड्डा पडून राहिला पाह. लोहाराच्या भात्यावानी चाल्लं. हे छातीचं हाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. नजरेचं मी पाहीन, छातीचं डॉक्टर पाहीन."

त्यांचं हे धोरण शेवटपर्यंत पक्कं होतं. देवाचं खातं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, आणि दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड करायची नाही. वर म्हणायच्या, "देवाले एकट्यालेच कामाले लावाचं नाही बाई. त्याच्याकडं दुसरेही पेशंट असतात."

चिऊला दमा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या ऋतूत जास्त होतं?" मी म्हटलं, "कोणत्या ऋतूत होत नाही ते विचारा." पावसाळ्यात भिंतींना ओल. दिवाळीनंतर धानाची मळणी, सगळ्या हवेत कोंडा. थंडीत दारोदार शेकोट्या. उन्हाळ्यात हायवेवरच्या ट्रकांची धूळ. आई म्हणून माझं वर्ष असं पोरीच्या छातीवरच सरकायचं. मी शाळेत असताना ती देवकाबाईंकडे असे. घरी आल्यावर माझा पहिला प्रश्न एकच, "आज कसं होतं?" आणि देवकाबाई तब्येतीचा अहवाल शिंका मोजून देत.

एक मात्र खरं, त्यांनी चिऊपायी आपले विधीसुद्धा बदलले. आधी नजर काढली की मिरच्या-मोहऱ्या चुलीत टाकायच्या. एकदा त्या धुराने चिऊला असा ठसका लागला की मी तिला उचलून बाहेर पळाले. दुसऱ्या दिवसापासून देवकाबाई मिरच्या पाण्याच्या लोट्यात बुडवायला लागल्या. मी म्हटलं, "चालतं का असं?" त्या म्हणाल्या, "नजर जळली काय अन् बुडाली काय, मेल्याशी मतलब." मी हसले, पण मनातून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मिरच्या-मोहऱ्यांची रीत त्यांच्या सासूने शिकवलेली होती, आणि सासूच्या बाबतीत त्या फार कडक होत्या.

चिऊ तीन वर्षांची झाली आणि डॉक्टरांनी पंप दिला. निळा पंप, त्याला लावायचं प्लास्टिकचं नळकांडं, आणि तोंडावर धरायचा मास्क. मामाजींनी ते सगळं लांबून पाहिलं आणि निकाल दिला, "पंप लागला का सुटत नाही. पोरीची जात, पुढं लग्न कोण करन?" माझा नवरा बापापुढे तोंड उघडत नाही. मी उघडलं, पण सुनेचं तोंड किती उघडणार. पंप कपाटात कपड्यांमागे लपवून ठेवायची वेळ आली.

तेवढ्यात दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातली हत्यारं-अवजारं पाटावर मांडून पूजा करतात. मामाजींचा विळा, कुऱ्हाड, नवऱ्याचे पाने, माझी खडूची पेटी. मी आत पुरणाचं बघत होते. बाहेर येते तर पाटावर मधोमध चिऊचा पंप, त्याला हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल आणि बाजूला देवकाबाई हात जोडून.

"पोरीचं आयुध हाय ते," त्या मामाजींकडे बघून म्हणाल्या. "राक्षस श्वासाचा हाय, तं आयुधही श्वासाचंच लागन. हो का नाही, भाऊजी?"

दसऱ्याच्या पाटावर बसलेल्या वस्तूला नावं ठेवणं मामाजींच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी मुकाट अक्षता टाकल्या. त्या दिवसापासून पंप कपाटातून निघून भिंतीतल्या देवळीत आला. एवढंच झालं की देवकाबाईंनी भक्तीच्या भरात मास्कच्या आतूनही कुंकू लावलं होतं. संध्याकाळी चिऊने औषध घेतलं आणि तिचं नाक, ओठ, हनुवटी, सगळं लालभडक. मी अशी भडकले की सणाच्या दिवशी बोलू नये ते बोलले. देवकाबाईंनी मास्क कोमट पाण्याने तीनदा धुतला, उन्हात वाळवला, आणि म्हणाल्या, "चूक झाली. पुढच्या सालापासून बाहेरून." पुढच्या सालापासून खरंच बाहेरून लावलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती मोठी गोष्ट घडली. मळणीचे दिवस. सोमवारी दुपारपासून चिऊला लागलेली धाप पंपानेही बसेना. मंगळवारी सकाळी आम्ही तिला भंडाऱ्याला नेऊन भरती केलं. कधी दवाखान्याची पायरी न चढणारे मामाजी धोतर सावरत आमच्याबरोबर आले आणि खाटेशेजारी स्टुलावर बसले ते उठेचनात. चिऊच्या तोंडावर वाफेचा मास्क, आणि तिचं बोट मामाजींच्या मुठीत. संध्याकाळी गावाहून फोन आला की देवळाची जाळी बंद आहे, दिवा लावायचा खोळंबलाय, किल्ली पाठवा. मामाजी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पोरीचा भाता खाली बसला का येतो मी. तोवर मातेले म्हणा बंद दाराआडून घे पूजा. कुठं पळून नाही जात ते."

बुधवारी चिऊ सावरली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "घरात धूर अजिबात नको. कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर आधी ती बंद करा. पुढचा अटॅक याहून वाईट येऊ शकतो." मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. मामाजी औषधं आणायला गेले होते. आता मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

मी बांधून पाहिली. "मामाजी, डॉक्टर म्हणत होते..." एवढं म्हटलं. मामाजी "बरं" म्हणाले आणि बिडी घेऊन मागच्या अंगणात गेले. मागच्या अंगणातून धूर स्वयंपाकघराच्या खिडकीने आत येई. पुढे गोठ्यात गेले. पण बिडीचा वास त्यांच्या दुपट्ट्यात, मिशीत, हातात. आणि चिऊ झोपणार त्यांच्याच कुशीत, गोष्ट ऐकत. आठ दिवसांत तिची छाती पुन्हा वाजायला लागली. मला रडू येई. म्हाताऱ्या माणसाची बिडी सोडवायला भांडावं तर घर मोडतं आणि न भांडावं तर लेकरू हातचं जातं.

एके सकाळी ओट्यावर चारजण बसलेले असताना देवकाबाईंनी जाहीर केलं, "भाऊजी, तुम्हाले सांगाचं राहूनच गेलं. चिऊ दवाखान्यात होती ना, तेव्हा मी मातेले बोलली. पोरगी जिवंत घरी येऊ दे, तिचा आबाजी बिडी सोडन."

मामाजींच्या हातातली बिडी तशीच राहिली. "माह्या तोंडातली बिडी अन् नवस तुह्या तोंडाचा?"

"तोंड कोणाचंही असो, कान मातेचे."

"कोणाले विचारून बोलली तू?"

"विचाराले तुम्ही होते कुठं? तुम्ही भंडाऱ्याले. मंगळवारी दिवेलागणीले गेली मी. जाळीच्या आत जाऊन, मातेच्या पायावर नारळ ठेवून, दोन्ही हात लावून बोलली. फूलही पडलं उजवीकडं." खोटंखरं काहीही सांगताना देवकाबाईंना तपशील फार लागे. साधी बाजाराला जाऊन आल्या तरी वाटेत कुणाच्या बकरीने काय खाल्लं इथपर्यंत सांगत.

मला वाटलं आता ओट्यावर महाभारत होतं. पण मामाजींनी बिडी विझवली, कानावर ठेवली, आणि "बाई हाय का कोण हाय" असं पुटपुटत तलावाकडे चालते झाले.

पुढचे दोन महिने आमच्या घराने काय भोगलं ते आम्हालाच माहीत. भाजीत मीठ जास्त, चहात साखर कमी, नवऱ्याची मोटरसायकल फार वाजते, माझी एसटी फार उशिरा येते, सगळ्याला मामाजी ओरडत. विझवलेली ती बिडी संक्रांतीपर्यंत त्यांच्या कानावर होती. देवकाबाई रोज सकाळी भाजलेली जवस आणि बडीशेप आणून देत आणि ओट्यावरच तपासणी घेत.

"भाऊजी, हाऽ करा."

"निघ इथून."

"मातेचं काम हाय. हाऽ करा."

सत्तरीचा तो माणूस चार लोकांसमोर तोंड उघडून हाऽ करी. देवकाबाई नाक पुढे नेऊन हुंगत. "जवसाचा वास हाय. पास." पुढे पुढे गल्लीतली पोरं तपासणीच्या वेळेला जमायला लागली. चिऊ तर आबाजींच्या मांडीवर बसून आधी स्वतः हाऽ करून दाखवी. तिच्या छातीचा घरघर आवाज त्या थंडीत कमी झाला, पुढच्या पावसाळ्यात आणखी कमी. पंप चालूच होता, डॉक्टर चालूच होते. पण घरातली हवा स्वच्छ झाली ती देवकाबाईंमुळे, हे मी आजही कुणालाही सांगेन.

अशी सात वर्षं गेली. चिऊ दहा वर्षांची झाली, धावायला लागली, उलट बोलायला लागली. हे दुसरं तिला कुणी शिकवलं ते सांगायला नको.

या सात वर्षांत देवकाबाईंना साखरेने धरलं होतं. मी आग्रहाने रक्त तपासून आणलं तेव्हा कळलं. गोळ्या सुरू झाल्या, त्या आठवतील तेव्हा. गोड मात्र चालूच. गल्लीत सत्यनारायण, भागवत सप्ताह, बारसं, काहीही असो, देवकाबाई पहिल्या पंगतीला. मी डोळे वटारले की म्हणत, "प्रसादाले साखर लागत नाही." आणि या बाईंच्या वर्षात प्रसाद नसलेला दिवस काढणं फार कठीण होतं.

त्या पावसाळ्यात त्या हौसेने रोवणीला गेल्या. चिखलात अनवाणी पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. त्यांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि कुणाला बोलल्या नाहीत. पोळ्याच्या सुमारास ओट्यावर मला वास आला. चिंधी सोडून पाहिलं, अंगठा चिघळला होता. भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज सुई घ्यायची, गोड पूर्ण बंद. ऐकलं नाही तर पाय कापावा लागेल."

"दोन हायत," देवकाबाई म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. मी परतीच्या वाटेवर त्यांना खूप बोलले. मुलगा नागपूरहून आला, तो बोलला, रडलासुद्धा. सुईला त्या "उद्या" म्हणत आणि गणपतीत मोदक, नवरात्रात शिरा. दुसऱ्याचं व्यसन सोडवणारी ही बाई स्वतःच्या वाटीपुढे एवढी हट्टी असेल असं मला वाटलं नव्हतं. जखम भरत नव्हती. चिऊ रोज शाळेतून येऊन त्यांच्या पायाकडे आधी बघे, मग तोंडाकडे.

दसऱ्याला सगळे ओट्यावर आपट्याची पानं देत होते. चिऊने देवकाबाईंच्या हातात पानं दिली, पाया पडली आणि उभी राहून मोठ्याने म्हणाली, "आजी, तुले सांगाचं राहूनच गेलं. मी मातेले बोलली. आजीचा पाय राहू दे, आजी गोड सोडन अन् रोज सुई घेईन. प्रसादबी नाही."

"मले विचारल्याशिवाय?" देवकाबाई म्हणाल्या.

"तोंड कोणाचंही असो, कान मातेचे."

सगळ्यात आधी मामाजी हसले. एवढे हसले की त्यांना खोकला आला, आणि तो बिडीचा नव्हता. देवकाबाई मात्र हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी चिऊला हाताला धरून बोळात नेलं. माझी स्वयंपाकघराची खिडकी त्याच बोळात उघडते, तेव्हा मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. मी भांडी घासत होते आणि नळ बंद होता, एवढंच.

"खरं सांग पोट्टे. तू खरंच बोलली का गंमत करून राहिली?"

"खरंच बोलली."

"कुठं?"

"देवळात. आबाजीनं जाळी उघडून देली. मी आत गेली, मातेच्या पायाले हात लावला."

मग देवकाबाई मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"आता का करू वो बाई? पोट्टीनं खरंच बोलली."

"मग? तुम्हीही बोलत होताच की."

"मी?" त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मी कधीच काही बोलली नाही. तुह्या सासऱ्याचा नाही, दुकानवाल्याचा नाही, त्या गुरुवारवालीचाबी नाही. एकबी नाही. लोकाइले फक्त सांगे का बोलली म्हणून."

मी हातातलं भांडं मोरीत ठेवलं. "पण का?"

"अगं, बुढ्यानं मोडला असता मंग? नवस मोडला तं त्याचं पाप ज्याच्यासाठी बोललं त्या लेकराले लागते. चिऊच्या छातीवर असा डाव लावू का मी? मातेशी खोटं बोलनं नाही अन् खरं बोलाची हिंमत नाही. म्हणून नुसतं माणसाइशी खोटं बोलली. ते चालते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "अन् हे दहा वर्षाची पोट्टी खरंच जाऊन बोलून आली. आता मी पेढा खाल्ला तं ते बोलनं खोटं पडन. कोणाचं खोटं पडन? पोरीचं."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली, गुळाचा खडा काढून माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, आणि सुई कुठं टोचतात ते विचारलं. जाताना बजावलं, "माह्यं कोणाले सांगू नोको. बुढ्याले तं बिलकुल नाही. परत ओढन."

मी कुणालाही सांगितलं नाही. दिवाळीत त्यांनी करंजीकडे पाहिलं नाही. कुठे पूजा असली की त्या हात जोडून पंगतीआधी घरी येत. संक्रांतीला माझ्या हातचा तिळाचा लाडू त्यांनी घेतला, डोळे मिटून नीट हुंगला, आणि चिऊच्या हातात दिला. "तू खाय. मले वास पुरे."

पण अंगठा काही भरला नाही. त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला, नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं. आता "हा रोवणा होऊ दे" म्हणायची सोय उरली नव्हती. अंगठा गेला, पाय राहिला. तो शेवटपर्यंत राहिला. पुढच्या आषाढात हृदयाचं दुखणं आलं आणि त्या तिकडेच गेल्या. मुलगा फोनवर म्हणाला, "वहिनी, आई शेवटपर्यंत गोडाला शिवली नाही. सुनेनं दुधात साखर घातली तरी ओळखायची. तिकडे कुणाला एवढं कबूल केलं होतं, कळलंच नाही." मी फोन चिऊकडे दिला. ती काय बोलली मला माहीत नाही, मी मागच्या अंगणात जाऊन रडून घेतलं.

मला त्या दिसतात त्या नागपूरला निघालेल्या सकाळच्या. खुंटीवरची लग्नातली चप्पल एका पायात, दुसऱ्या पायाला पांढरं बँडेज. गल्ली गाडीभोवती जमलेली. त्यांनी चिऊच्या पंपाची चौकशी केली, मला पोरीला कोंड्यात जाऊ देऊ नको म्हणून सांगितलं, आणि मामाजींना खिडकीजवळ बोलावलं.

"भाऊजी, एक गोष्ट सांगाची हाय. रागावू नोका. मी तेव्हा मातेले बिडीचं काही बोललीच नव्हती. खोटं होतं. आता मोकळे तुम्ही. ओढाची तं ओढा."

मी मामाजींकडे बघितलं. मामाजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"माहीत हाय मले."

"काय माहीत हाय?"

"मंगळवारी दिवेलागणीले जाळीच्या आत गेली म्हणे तू. नारळ ठेवला, फूल पडलं." त्यांनी करदोट्यातली किल्ली बाहेर काढून दाखवली. "किल्ली हे होती वयनी. माह्याजवळ. भंडाऱ्याच्या दवाखान्यात."

देवकाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून किल्ली चाचपून पाहिली.

"मंग सोडली काहून?"

"पोरीचा भाता मीबी पाहून राहिलो होतो ना," मामाजी म्हणाले. "सुनेनं सांगितलं म्हणून सोडली असती तं चौकात लोक हसले असते. मातेच्या नावानं सोडली तं कोणी हसत नाही. तू सोय करून देली, मी गप्प बसलो."

देवकाबाईंनी कपाळावर हात मारला आणि अशा हसल्या की गाडी हलायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं हे मी विचारलं नाही. "सात वर्षं! सात वर्षं माह्यासमोर हाऽ करून राहिला हा बुढा, अन् मलेच फसवलं!"

मुलाने गाडी सुरू केली. गाडी हायवेकडे वळणार तोच त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागे वळून ओरडल्या, "भाऊजी, हाऽ करा!"

आणि रस्त्याच्या मधोमध, सगळ्या गल्लीसमोर, मामाजींनी काठी टेकून, मान वर करून, तोंड उघडून हाऽ केलं.

"पास!" देवकाबाई ओरडल्या, आणि गाडी वळली.